त्याच जागचा कॉम्पोझिट पॅच परत परत सुटतोय? नवीन मारायच्या आधी जुन्याची मागची बाजू बघा

प्रॉब्लेम नेहमीचाच आहे. गंजून पातळ झालेल्या पाइपवर, टाकीच्या खालच्या भागावर किंवा एखाद्या गर्डरवर फायबर आणि रेझिनचा रॅप मारला जातो, सुरुवातीला एकदम घट्ट बसलेला असतो, काही महिन्यांनी एका कडेला नख जाईल एवढी फट दिसायला लागते, तिच्यातून तपकिरी पाण्याचा ओघळ येतो, आणि मग एक दिवस अख्खा पॅच हाताने ओढला तरी निघून येतो. मग त्याच जागी परत पॅच मारतात, फक्त या वेळी चार लेअर जास्त. तोही सुटतो. मग कुणीतरी म्हणतं ग्लास फायबर नको, कार्बन फायबर वापरू, तो जास्त स्ट्राँग असतो. तोही सुटतो, आणि कधीकधी आधीच्यापेक्षा लवकर.

इथे मुळात गडबड अशी आहे की सुटलेल्या पॅचमध्ये फायबर तुटलेलं जवळजवळ कधीच नसतं. ग्लासच्या विणलेल्या कापडाचा लॅमिनेट (रेझिनमध्ये भिजवून घट्ट झालेले थर) काहीशे मेगापास्कल ताण सहज घेतो, कार्बन एका दिशेने हजाराच्या वर जातो, आणि त्याला धातूला धरून ठेवणारा जो इपॉक्सीचा थर आहे त्याची शिअर ताकद (बाजूला सरकवणाऱ्या ताणाला तोंड द्यायची) चांगली झाली तरी दहा-वीस मेगापास्कल. तीसुद्धा कोरड्या, स्वच्छ, ताज्या अवस्थेतली. म्हणजे कमजोर जागा खाली, धातू आणि रेझिनच्या मधे आहे आणि तुम्ही लेअर वाढवताय वर. उलट पॅच जितका जाड आणि कडक, तितका त्याच्या कडेला ताण जास्त जमा होतो, त्यामुळे लेअर वाढवून कधीकधी सुटायची घाईच केली जाते.

तर पहिलं काम, सुटलेला पॅच भंगारात टाकू नका. काढायच्या आधी मार्करने वरची बाजू, प्रवाहाची दिशा आणि कुठली कड आधी सुटली ते लिहा, फोटो काढा, आणि काढल्यावर लगेच, म्हणजे हवेत नवा गंज चढायच्या आत, पॅचची मागची बाजू आणि त्याच्या खालचा धातू दोन्ही शेजारी शेजारी बघा. अर्ध्याहून जास्त निदान इथेच होतं. ग्राइंडर फिरला की पुरावा गेला, आणि साइटवर सगळ्यात आधी हातात ग्राइंडरच येतो हे सगळ्यांना माहितीये.

आता काय दिसतंय त्यावरून.

धातू स्वच्छ, पॅचची मागची बाजू गुळगुळीत, गंज नाही किंवा नुसता हलका

रेझिन धातूला नीट चिकटलंच नव्हतं, किंवा चिकटलं होतं आणि पाण्याने त्याला बाजूला सारलं. दुसरी गोष्ट बऱ्याच लोकांना पटत नाही कारण पॅच सुरुवातीला खरंच घट्ट असतो, ओढून बघितला तर हलत नाही. पण इपॉक्सी आणि लोखंडाच्या ऑक्साइडमधली चिकटायची ऊर्जा कोरड्या हवेत साधारण २९१ मिलिजूल प्रति चौरस मीटर धरली जाते आणि पाणी मधे आलं की तीच उणे २५५ होते. उणे म्हणजे पाण्याला त्या पृष्ठभागावर बसायला इपॉक्सीपेक्षा जास्त आवडतं, जोड आपोआप सुटायच्याच बाजूला असतो, प्रश्न फक्त पाणी तिथे पोचायला किती वेळ घेतं एवढाच. आणि पाणी पोचतंच. इपॉक्सी वॉटरप्रूफ वाटतं पण वजनाच्या एक ते पाच टक्के पाणी ते स्वतःमध्ये शोषून घेतं, कडेने येतं, वरून लॅमिनेटमधून झिरपतं, फायबरच्या बाजूबाजूने तर अजून लवकर. म्हणून 'लावल्यावर किती घट्ट होता' याला टिकाऊपणाच्या दृष्टीने फारशी किंमत नाही. कोरडी ताकद आणि ओली ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ओली ताकद ठरते ती धातूच्या तयारीवर.

तयारी म्हणजे वायर ब्रश नाही. फिरता वायर ब्रश धातूला पॉलिश करतो, गंज आणि तेल त्या चकचकीत थरात चेपून ठेवतो, दिसायला झकास आणि चिकटायला बेकार. ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने कण मारून सफाई पाहिजे, आयएसओ ८५०१-१ मधलं एसए २½, म्हणजे जवळजवळ पांढरा धातू, आणि खरबरीतपणा ५० ते १०० मायक्रॉनच्या आसपास, तोही टोकदार. गोल शॉट वापरला तर दऱ्याडोंगर गोल होतात आणि पकड कमी मिळते, म्हणून ग्रिट, म्हणजे टोकदार कण. जिथे ब्लास्टिंगला परवानगीच नाही, ठिणगीचा धोका आहे किंवा आजूबाजूला मशीनरी चालू आहे, तिथे निदान प्रोफाइल (खरबरीतपणा) देणारं टूल वापरा आणि त्याचा ठसा घेणाऱ्या रेप्लिका टेपने मोजा, बोट फिरवून 'खरबरीत लागतंय' असं ठरवू नका.

क्रम पण महत्त्वाचा आहे. तेल आधी सॉल्व्हंटने काढायचं, मग ब्लास्ट. उलटं केलं तर ग्रिट ते तेल धातूत ठोकून बसवतं. आणि कंप्रेसरच्या हवेत तेल-पाणी येतंय का ते एका पांढऱ्या कापडावर मिनिटभर हवा मारून बघा, ही टेस्ट फुकट आहे तरी कुणी करत नाही. नंतर पुसायला जी चिंधी घेता ती कशात धुतलेली आहे, आधी कशाला पुसलंय, हेही बघा, दहा जणांनी वापरलेल्या चिंधीने ब्लास्ट केलेला धातू पुसणं म्हणजे परत शून्यावर येणं.

ज्यांचं काम जास्त जबाबदारीचं आहे त्यांच्यासाठी सिलेन. ब्लास्टनंतर सिलेन कपलिंग एजंटचा अगदी पातळ हात मारून सुकवला की तो धातूच्या ऑक्साइडला आणि इपॉक्सीला दोन्हीकडे केमिकल पद्धतीने धरतो, त्यामुळे पाण्याला मधे घुसायला अवघड जातं. विमानांच्या दुरुस्तीत ही पद्धत मुरलेली आहे. पण हात जाड मारला तर तोच कमजोर थर बनतो, म्हणून सप्लायरने जेवढं सांगितलंय तेवढंच.

खाली काळा किंवा लालसर गंज, खड्ड्यांमध्ये जास्त, मधेमधे ओलसर ठिपके

माझ्या मते खाऱ्या वातावरणात परत परत सुटणाऱ्या पॅचचं हे एक नंबरचं कारण आहे आणि सगळ्यात कमी तपासलं जाणारं. मीठ. ब्लास्टिंगने गंज निघतो पण खड्ड्याच्या तळाशी बसलेले क्लोराइड निघत नाहीत, धातू डोळ्याला पांढरा दिसतो, एसए २½ पास होतं, आणि खड्ड्यात लोखंडाचं क्लोराइड तसंच असतं. ते हवेतलं पाणी ओढतं. वर पॅच मारला की लॅमिनेटमधून हळूहळू झिरपणारं पाणी याच खारट जागी गोळा होतं, ऑस्मोसिसने (खाऱ्या बाजूकडे पाणी ओढलं जाऊन) दाब तयार होतो, बारीक फुगे येतात, फुग्याखाली गंज, गंजाचं आकारमान मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त असल्याने तो पॅचला वर उचलतो, फट पडते आणि अजून पाणी येतं. एकदा हे चक्र सुरू झालं की वर कितीही लेअर असले तरी फरक पडत नाही.

ओळखायचं सोपं आहे. ब्लास्ट केलेला भाग काही तास दमट हवेत तसाच सोडा. सगळीकडे सारखा हलका पिवळसर गंज आला तर तो साधा फ्लॅश रस्ट. पण फक्त खड्ड्यांमध्ये काळपट ठिपके 'घाम' आल्यासारखे परत उमटले तर तिथे मीठ आहे, नक्की. आकडा पाहिजे असेल तर ब्रेसल पॅच, म्हणजे धातूवर छोटा चिकट कप्पा लावायचा, त्यात सिरिंजने शुद्ध पाणी सोडायचं, काढायचं आणि त्याची विद्युतवाहकता मोजायची, आयएसओ ८५०२-६ आणि ८५०२-९ मध्ये पूर्ण पद्धत दिलेली आहे. किती चालेल? जहाजांच्या बॅलास्ट टँकच्या कोटिंगसाठी आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) २००६ साली जो नियम केला त्यात सोडियम क्लोराइडच्या हिशोबाने प्रति चौरस मीटर ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तो आकडा कोटिंगचा आहे, पण पॅचसाठी त्याहून ढिलाई करायचं काही कारण मला दिसत नाही, सतत पाण्यात राहणाऱ्या जागी तर याच्या निम्म्याखाली आणायचा प्रयत्न करावा.

उपाय म्हणजे धुवायचं आणि परत ब्लास्ट करायचं, परत मोजायचं. हाय प्रेशर गोड्या पाण्याने धुवा, मीठ सोडवणारं केमिकल मिळतं ते त्यात घाला, सुकवा, ब्लास्ट, मोजा, नसेल जमलं तर परत. खोल खड्डे असतील तर दोन-तीन फेऱ्या लागतातच, आणि हे वेळापत्रकात कुणी धरलेलं नसतं म्हणून ते गाळलं जातं. थिनरने पुसून मीठ जात नाही! मीठ पाण्यात विरघळतं, थिनरमध्ये नाही, तरीपण 'तीनदा थिनर मारलाय साहेब' हे ऐकायला मिळतंच.

धातूवर पाण्याचे थेंब बसल्याच्या खुणा, पुट्टी किंवा पहिला थर पांढुरका, दुधाळ

लावताना धातू ओला होता. डोळ्याला दिसला नसेल. नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो की धातूचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर पाहिजे आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, पण मोजतात हवेचं तापमान. मोजायचं धातूचं. हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंश येतो, म्हणजे धातू २९ च्या वर पाहिजे. आता त्याच पाइपमधून २० अंशाचं थंड पाणी वाहत असेल तर तो पाइप दिवसभर घामेजलेलाच राहणार, तुम्ही पुसाल आणि पाठ फिरवेपर्यंत परत ओला. अशा लाइनवर एकतर प्रवाह थांबवून पाइप गरम करा, किंवा आडोसा बांधून आतली हवा डीह्युमिडिफायरने कोरडी करा, किंवा ओल्या पृष्ठभागासाठी बनवलेलंच रेझिन घ्या, जे पाण्याला ढकलून स्वतः चिकटतं. साधं इपॉक्सी घेऊन 'पटकन लावू' हा चौथा पर्याय नाहीये. गॅस टॉर्चने गरम करणाऱ्यांना एक सांगायचंय, ज्वाळेतूनच पाण्याची वाफ निघते आणि थंड धातूवर ती जमते, काजळी वेगळीच. इलेक्ट्रिक हीटिंग ब्लँकेट बरं.

रेझिन चिकट, नख रुतणारं, किंवा लेअर एकमेकांपासून सुटलेले

लेअर धातूपासून न सुटता एकमेकांतून पत्त्यांसारखे वेगळे झाले असतील तर दोष मिक्सिंगमध्ये नाहीतर दोन थरांमधल्या वेळात. रेझिन-हार्डनरचं प्रमाण वजनाने आहे का मापाने, हे डब्यावर वाचा, दोन्ही वेगळं असतं. 'लवकर सुकावं' म्हणून हार्डनर जास्त घालायची सवय पॉलिएस्टरवाल्यांकडून आलेली आहे, तिथे उत्प्रेरक थोडा कमी-जास्त चालतो, इपॉक्सीत हार्डनर हा अर्धा भागीदार आहे, जास्त घातला तर उरलेला तसाच पडून राहतो आणि पुढे पाणी ओढतो.

दुसरं म्हणजे अमाइन ब्लश. थंड आणि दमट हवेत इपॉक्सीच्या वर एक तेलकट, मेणचट साय येते, हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी रिअॅक्ट होऊन. काल चार लेअर मारले, आज उरलेले मारू, असं केलं की मधे ही साय राहते. ती कोमट पाणी आणि खरबरीत पॅडने धुवायची, सुकवायचं, मग हलकं सँडिंग. थेट सँडिंग केलं तर ती पसरते. पील प्लाय (शेवटच्या थरावर लावून नंतर ओढून काढायचं कापड) लावून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी ते ओढलं की खाली ताजा पृष्ठभाग मिळतो, एवढं स्वस्त साधन आहे ते.

गरम लाइनवर रेझिन मऊ झालं असेल तर काचांक बघा, टीजी म्हणतात तो, म्हणजे ज्या तापमानाला रेझिन कडकपणा सोडून मऊ पडायला लागतं. रूम टेंपरेचरला क्युअर (पक्कं) केलेल्या इपॉक्सीचा टीजी क्युअरच्या तापमानापेक्षा थोडाच वर असतो, ५०-७० अंशांत अडकतो, डेटाशीटवर ११० लिहिलेलं असतं पण खाली बारीक अक्षरात 'पोस्ट क्युअर ८० अंश' वगैरे असतं आणि ते साइटवर कुणी केलेलं नसतं. एएसएमई पीसीसी-२ आणि आयएसओ २४८१७ ही अशा दुरुस्तीची दोन्ही स्टँडर्ड वापराचं तापमान टीजीच्या २० ते ३० अंश खाली ठेवायला लावतात, गळती असलेल्या जागी जास्त अंतर. त्यात पाणी शोषलं की टीजी अजून खाली येतो, दर एक टक्का पाण्यामागे दहा ते वीस अंशांचा फटका धरा. म्हणजे कागदावर ७० अंशांचा पॅच वर्षभराने ओला होऊन ५५ ला मऊ पडायला लागला तर नवल नाही. पोस्ट क्युअर करा आणि त्याच बॅचचा एक तुकडा बाजूला क्युअर करून लॅबमध्ये डीएससी (टीजी मोजायची चाचणी) करून घ्या. हातात निदान बारकोल किंवा शोअर डी हे कडकपणा मोजायचं मीटर असू द्या, लेअर मारून घरी जायच्या आधीच कळतं.

आणि पॉलिएस्टर. बोटींच्या कामातून उरलेलं पॉलिएस्टर आणि ग्लासची चटई स्टीलवर मारलेली फार ठिकाणी दिसते. पॉलिएस्टर क्युअर होताना आकारमानाने ५ ते ८ टक्के आकसतं, म्हणजे जोडावर पहिल्या दिवसापासून ताण, आणि स्टीलला त्याची पकड इपॉक्सीच्या मानाने कमीच. फायबरग्लासच्या बोटीवर ते ठीक आहे. स्टीलवर नको.

कार्बन वापरलाय आणि कडेजवळ धातू खाल्ला गेलाय

हा प्रकार वेगळा काढतोय कारण इथे दुरुस्तीच आजार बनते. कार्बन फायबर वीज वाहतं आणि समुद्राच्या पाण्यात ते ग्रॅफाइटसारखं, म्हणजे बऱ्यापैकी 'उमदं', स्वतः न गंजता शेजारच्या धातूला गंजवणारं, वागतं. स्टील आणि त्याच्यात पाऊण व्होल्टच्या वर फरक पडतो, अॅल्युमिनियमशी अजून जास्त. पाणी मधे आलं की बॅटरी तयार, आणि त्यात खर्ची पडतो तो तुमचा धातू. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, स्टीलवर पॅचच्या कडेला लागून खोल चर. वर कार्बनच्या बाजूला जो हायड्रॉक्साइड तयार होतो तो फायबरजवळचं रेझिन पण खराब करतो. इलाज एकच, पहिला थर ग्लासचा, आणि तो कार्बनच्या चारही बाजूंनी बाहेर डोकावला पाहिजे. कापताना कार्बनचे धागे कडेवरून खाली धातूला टेकले तर सगळी मेहनत वाया. मल्टीमीटरने कार्बन आणि धातूमध्ये कंटिन्युइटी (वीज जाते का) बघा, बीप वाजला तर काढा आणि परत लावा. क्युअर व्हायच्या आधी बघितलं तर अजून बरं.

मेलबर्नच्या एरोनॉटिकल रिसर्च लॅबमध्ये १९७० च्या दशकात विमानांच्या अॅल्युमिनियमवर पॅच मारायला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी बोरॉन फायबर निवडलं, आणि बोरॉनचे फायदे मोजताना हाही धरला जातो की ते असा बॅटरीसारखा (गॅल्व्हॅनिक) त्रास देत नाही. म्हणून कार्बन वाईट असं नाही. ऑस्ट्रेलियन नौदलाच्या फ्रिगेटच्या अॅल्युमिनियम सुपरस्ट्रक्चरवर १९९० च्या दशकात कार्बनचे पॅच लावले होते, समुद्रावर, खाऱ्या हवेत. जोड आणि इन्सुलेशन नीट केलं तर कार्बन टिकतो, पण फक्त ताकदीसाठी ग्लास सोडून कार्बनकडे जायचं असेल तर आधी विचारा की ताकद कमी पडत होती का. बहुतेक वेळा पडत नसते.

अजून एक गोष्ट कार्बनची, तो तापला तरी वाढत नाही. फायबरच्या दिशेने त्याचं प्रसरण जवळजवळ शून्य, स्टीलचं मीटरला अंशामागे १२ मायक्रॉन, अॅल्युमिनियमचं २३. एक मीटर लांब पॅचखाली स्टील ५० अंशांनी तापलं तर ०.६ मिलिमीटर वाढू बघतं आणि कार्बन वाढू देत नाही, अॅल्युमिनियमला हाच फरक एक मिलिमीटरच्या वर. हा सगळा ताण दोन टोकांच्या थोड्याशा रुंदीत जमा होतो. रोज ऊन आणि रात्र असेल तर रोज.

पॅचखाली बुळबुळीत, साबणासारखं लागणारं पाणी

जमिनीखालची किंवा पाण्यातली लाइन असेल, कॅथोडिक प्रोटेक्शन (सीपी, म्हणजे वीज देऊन गंज रोखणं) चालू असेल, तर हे बघायला मिळतं. हातमोजे घालून पीएच पेपर लावा, १२ च्या आसपास दाखवलं तर समजायचं कॅथोडिक डिसबाँडमेंट, म्हणजे सीपीमुळेच जोड सुटलाय. सीपी धातूला वाचवत असताना त्याच्यावर ऑक्सिजन आणि पाण्यापासून हायड्रॉक्साइड बनतंच, आणि तेच अल्कली कडेतून आत सरकत जोड सोडवतं. धातू मात्र तेवढ्यात चांगला राहिलेला असतो, त्यामुळे घाबरून लगेच सगळं उपटायची गरज नाही. धातूचं पोटेन्शियल (व्होल्टेज) मोजून घ्या. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८० व्होल्ट पुरेसं असतं, आणि कुणी जास्त सुरक्षा म्हणून ते उणे १.१ च्याही पलीकडे ओढून ठेवलं असेल तर तिथे पॅच आणि कोटिंग दोन्ही लवकर सुटणार. सीपीवाले आणि पॅचवाले एकमेकांशी बोलत नाहीत ही खरी अडचण आहे, तांत्रिक अडचण त्यामानाने किरकोळ आहे. अल्कलीत पॉलिएस्टर तर साबणासारखं विघटतं आणि ग्लासचा धागाही खराब होतो, तेव्हा इथे इपॉक्सीच, आणि धातूवर चांगला प्रायमर.

अॅसिडवाल्या जागी उलट काळजी. साधा ई-ग्लास अॅसिडमध्ये ताणाखाली तडकतो, म्हणून तिथे ईसीआर ग्लास (अॅसिडला टिकणारा) आणि रेझिनचा जाडसर थर वर.

सुरुवात कुठून झाली, कडेने का मधून

वरचं सगळं बघताना हे पण बघायचं. कडेने सुरुवात असेल तर कड उभी कापलेली आहे का ते तपासा. लेअर पायरीपायरीने कमी करत कड उतरती पाहिजे, जाडीच्या किमान पाचपट लांबीत, आणि पॅच खराब भागाच्या पलीकडे चांगल्या धातूवर पुरेसा गेला पाहिजे. हे ओव्हरलॅप पाइपच्या व्यासावर आणि जाडीवर काढतात, ५० मिलिमीटरच्या खाली तर कधीच नाही. कडेवर फिलेट (रेझिनचा गोलसर उतार) द्या आणि सगळ्यावर टॉपकोट मारताना तो पॅचवरून उतरून शेजारच्या कोटिंगवर जाऊ द्या. उन्हात इपॉक्सी पांढरं पडून खडूसारखं झडतं, धागे उघडे पडतात आणि पाण्याला सरळ वाट मिळते, म्हणून वर पॉलियुरेथेन.

मधून फुगा आला असेल, कडा मजबूत आणि मध्य पोकळ, तर आतून दाब आहे. भोक आरपार झालं असणार किंवा लावताना बारीक पाझर होती जी कुणाच्या लक्षात आली नाही. चालू गळतीवर रॅप मारून गळती थांबत नाही, ती आधी थांबवायची, प्लगने, क्लॅम्पने, कशाने का होईना, मग जागा सुकवायची, मग रॅप. आणि आरपार भोक असलेल्या जागेचं डिझाइन नुसत्या पातळ झालेल्या जागेपेक्षा वेगळं असतं, तिथे पॅच सोलला जाईल का हा हिशोब करावा लागतो, 'तेवढेच लेअर' चालत नाहीत.

इथेच एक मोठा गैरसमज. बाहेरून मारलेला पॅच बाहेरचा गंज थांबवतो. आतून चालू असलेला गंज तो थांबवत नाही, आतला गंज मजेत पुढे जात राहतो. तेव्हा डिझाइन करताना आज उरलेली जाडी नाही, पॅचच्या आयुष्याच्या शेवटी उरणारी जाडी धरायची. दुरुस्तीच्या वेळी अल्ट्रासॉनिकने जाडी मोजून घ्या, आजूबाजूला ग्रिड आखून, म्हणजे वर्षाने परत मोजून गंजाचा वेग कळेल. जुना पॅच सुटला नाही पण शेजारी नवीन गळती आली, असं होत असेल तर पॅचला दोष देऊ नका, तो बिचारा त्याचं काम करतोय.

परत लावताना दोन गोष्टी मात्र कराच. एक, त्याच ब्लास्टिंगमध्ये, त्याच दिवशी, त्याच माणसाकडून त्याच डब्यातल्या रेझिनने दोन-चार साक्षी तुकडे बनवून घ्या. दोन पट्ट्या चिकटवून मधे पाचर ठोकायची आणि गरम दमट पेटीत ठेवून तडा किती पुढे सरकतो ते बघायचं, एएसटीएम डी ३७६२ या स्टँडर्डची हीच कल्पना होती, आणि धातूची तयारी खराब असेल तर ही टेस्ट एक-दोन दिवसांत उघडं पाडते, जे साध्या ओढून बघायच्या टेस्टमध्ये महिनोन्महिने लपून राहतं. सप्लायर निवडतानाही त्याच्याकडे कोरड्या ताकदीचा आकडा न मागता १००० तास पाण्यात ठेवल्यानंतरच्या लॅप शिअरचा (एकावर एक चिकटवलेल्या पट्ट्या ओढून मोजलेल्या ताकदीचा) आकडा मागा. देत नसेल तर दुसरा बघा.

दोन, क्युअर झाल्यावर नाणं किंवा छोटी हातोडी घेऊन अख्खा पॅच ठोकून घ्या, पोकळ आवाज येईल तिथे मार्करने गोल करा, तारीख टाका आणि फोटो ठेवा. पुढच्या तपासणीत परत ठोका. गोल वाढलाय का तेवढंच बघायचं. मधला छोटा पोकळ भाग वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो, पण कडेला टेकलेला पोकळ भाग वाढत असेल तर मोठा व्हायची वाट न बघता तेवढाच भाग उघडा, मागची बाजू बघा आणि वरच्यापैकी काय जुळतंय ते शोधा. दोन-तीन कारणं एकत्र जुळली तरी गोंधळू नका, मीठ आणि ओला धातू बरेचदा जोडीनेच येतात, आणि तेव्हा आधी मीठ काढायचं, कारण धुताना धातू ओला होणारच आहे, सुकवणं त्याच्यानंतर.